न दिलेला नो बॉल

बातमी आली तेव्हा मी मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा लोखंडी तुकडा, चढवत होतो. सकाळचे दहा वाजत आले होते, चहाची गाडी शॉपच्या दारात लागली होती, आणि खिशातला फोन दोनदा थरथरला. मशीनवर असताना फोन बघायला आमच्याकडे बंदी आहे आणि मी नियम पाळणाऱ्यांतला माणूस आहे, तरी काढला. 'आण्णा गेले.' एवढंच. त्याखाली कुणी हात जोडले होते, आणि कुणी एका शहाण्यानं 'कोणते आण्णा?' असं विचारलं होतं. त्या विचारणाऱ्याचा मला असा संताप आला, की तो समोर असता तर काही खरं नव्हतं. पिंपरी-चिंचवडात गल्लीला चार आण्णा सापडतील, पण आमच्या क्रिकेटच्या ग्रुपवर एकच होते. मी फोन खिशात टाकला, मशीन सुरू केलं, आणि मग लक्षात आलं की जॉब आवळलेलाच नाही. लाल बटणापर्यंत हात पोचला म्हणून वाचलो. सुपरवायझर धावत आला, "बालाजी, झोपला का राव?" म्हणून ओरडला. मी म्हणालो, घरचं माणूस गेलं. रजेच्या अर्जावर नातं लिहायचा रकाना असतो, तिथं पेन अडलं. ज्या माणसाला मी भरल्या मैदानात शिवी घातली, ज्याच्याशी चौदा महिने एक शब्द बोललो नाही, त्याचं माझं नातं काय लिहायचं? 'वडील' लिहावं तर उदगीरला माझे वडील अजून शेतात मोटरसायकल घालतात. शेवटी 'काका' लिहिलं आणि निघालो.

दगडूआण्णा मूळचे कासारवाडीचे, गावठाणातले. आजूबाजूला कारखाने आले, रेल्वेच्या पलीकडे इमारती आल्या, पण आण्णांची भाषा काही गावठाण सोडून बाहेर पडली नाही. उभी नोकरी त्यांनी एका कंपनीत मालाच्या तपासणीवर काढली. वाकडा जॉब बाजूला काढायचा आणि त्यावर लाल रंगाचा पट्टा ओढायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी तेच काम गोलंदाजांवर सुरू केलं, असं आम्ही मागे म्हणायचो. दर गुरुवारी, म्हणजे आमच्या पट्ट्यातल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी साडेसहाला ते एका बंद पडलेल्या फाउंड्रीमागच्या मोकळ्या जागेत काथ्याची मॅट अंथरून, चारी बाजूंनी खिळे ठोकून तयार असत. तिथं येणारे सगळे टेनिस बॉलवर मोठे झालेले. कुणी लातूरचा, कुणी बीडचा, कुणी चिपळूणचा... कंपनीत हेल्पर नाहीतर ट्रेनी, आणि गल्लीतल्या स्पर्धेत हीरो.

टेनिसचा चेंडू हलका असतो. त्याला वेग द्यायचा तर पोरं कोपर वाकवून झटका मारतात, आणि गल्लीत त्याला कुणी हरकत घेत नाही. पण कंपन्यांच्या लीगमध्ये चामड्याचा चेंडू, ज्याला आम्ही सीझन बॉल म्हणतो, आणि तिथं वाकलेल्या कोपराला फेकी म्हणतात. पंच नो बॉल देतो. एका डावात दोनदा दिला की त्या गोलंदाजानं त्या डावात पुन्हा चेंडू हातात घ्यायचा नाही. गल्लीतला कितीतरी हीरो असा पहिल्याच सामन्यात दोन चेंडूंत संपला आणि मान खाली घालून परत टेनिसकडे गेला. आण्णा या माणसांना त्याआधी गाठायचे. त्यांचं हत्यार म्हणजे वायरिंगच्या प्लॅस्टिक पाइपचा उभा चिरलेला वीतभर तुकडा. तो कोपरावर ठेवायचा, वरून बँडेज गुंडाळायचं, आणि म्हणायचं, "आता वाकीव बघू." वाकवता यायचं नाही. मग उभ्यानं वीस चेंडू, चालत वीस, धावत वीस. पहिल्या दिवशी माझा चेंडू मॅटवर पडायच्या ऐवजी शेजारच्या बाभळीत गेला. आण्णा म्हणाले, "आरं, हात हाय का हँडपंप?" सगळे हसले आणि मी चिडलो. माझं डोकं तसंही तापट, आणि गावाकडे मी यॉर्करसाठी, म्हणजे थेट फलंदाजाच्या पायाशी पडणाऱ्या चेंडूसाठी, प्रसिद्ध होतो. 'बालाजीचा यॉर्कर' बघायला निलंग्याहून लोक यायचे, हे मी आण्णांना ऐकवलं. "निलंग्याला पंच होता का?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्या गुरुवारी मी याहून मोठा पराक्रम केला. सीझन बॉल घासून चकचकीत ठेवायचा असतो, हे मी ऐकून होतो. खिशात शॉपमधला हात पुसायचा सुताचा बोळा होता, त्यानं मी चेंडू मनापासून घासला. त्या बोळ्यात मशीनचं तेल मुरलेलं. पुढचा चेंडू हातातून साबणासारखा सुटला आणि थेट आण्णांच्या बरगडीत. ते खाली बसले, बराच वेळ उठले नाहीत. मग त्यांनी चेंडू उचलला, वास घेतला आणि म्हणाले, "कारखान्यातल्या गोलंदाजाबिगर ही अक्कल कुनाला सुचायची न्हाई." बरगडी महिनाभर दुखत होती, हे मला नंतर काकूंकडून, म्हणजे त्यांच्या बायकोकडून कळलं. मला ते कधी बोलले नाहीत.

आता त्या दिवसाकडे यायलाच हवं. मी टाळत होतो, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल.

तेव्हा मी एका मोठ्या कंपनीत सात महिन्यांच्या करारावर होतो. रहाटणीत एका खोलीत आम्ही पाच जण राहायचो, पाचही जण करारावरचे. सात महिने संपले की गेटपास जमा करायचा आणि नवीन कंपनीच्या गेटवर रांगेत उभं राहायचं, हे आम्हांला पाठ होतं. पण आमचे प्लांटचे मोठे साहेब क्रिकेटवेडे होते. मागच्या वर्षी लीगमध्ये चमकलेल्या एका ट्रेनीला त्यांनी कायम करून घेतलं होतं, आणि ही गोष्ट शॉपमध्ये सगळ्यांना माहीत होती. आमचा कप्तान दिवेकर, तो शिफ्टचा सुपरवायझरही होता. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "बालाजी, सेमीफायनलला साहेब येणार आहेत. तुझे सात महिने पुढच्या महिन्यात संपतायत ना? मग समजून घे." मी समजून घेतलं. घरी फोन करून सांगूनही टाकलं, की काम होणार. आईनं लगेच देवाला नारळ फोडला.

आण्णांना हे आवडलं नाही. पाइप काढून मी नीट टाकायला लागलो होतो, पण फक्त मध्यम वेगानं. जोर लावला, आणि त्यातही यॉर्कर टाकायला गेलो, की जुना झटका परत यायचा. "आजून दोन महिने थांब," ते म्हणाले. मी म्हणालो, "आण्णा, दोन महिन्यानं मी त्या कंपनीत नसतोय. मग कुणासाठी खेळू?" ते मॅटचे खिळे उपटत राहिले. शेवटचा उपटून झाल्यावर म्हणाले, "मग यॉर्कर इसर. साधा टाक, सरळ टाक. सरळ चेंडूलाबी माणसं औट व्हत्यात."

सामन्याच्या सकाळी दोन पंचांपैकी एक आलाच नाही. एक पंच गोलंदाजाच्या टोकाला उभा राहतो आणि दुसरा फलंदाजाच्या बाजूला, स्क्वेअर लेगला. कोपर वाकतंय का हे तिथूनच नीट दिसतं. समोरच्या संघाचा कप्तान म्हणाला, आण्णा आहेत ना, त्यांना उभं करा. आण्णांनी हात झटकले. "ह्यो माझ्या हाताखालचा हाय. मी न्हाई उभा ऱ्हानार." तर तोच कप्तान म्हणाला, "आण्णा, तुमच्याविषयी शंका घेणारा या पट्ट्यात अजून जन्माला यायचाय." दिवेकरनंही हात जोडले. आण्णा बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून माझ्याजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, "मी तिथं हाय म्हनून हात सैल सोडू नगं. आनि यॉर्कर..."

"न्हाई टाकत."

"शप्पत?"

"शप्पत, आण्णा."

पहिलं षटक मी शप्पथ पाळली. दुसऱ्यात एक चौकार गेला, आणि मी पाहुण्यांसाठी घातलेल्या मांडवाकडे पाहिलं. साहेब शेजारच्या माणसाशी बोलत होते. माझ्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. तेवढ्यात एक जण धावबाद झाला आणि नवा फलंदाज आला. मुश्ताक त्याचं नाव, पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. पायाला कुणाचे तरी मोठे पॅड बांधलेले, चालताना ते एकमेकांवर आपटत होते. लीगमधला त्याचा पहिलाच सामना, हे त्याच्या मान हलवण्यावरून कळत होतं. दिवेकर मिडऑफवरून ओरडला, "बालाजी, टाक तुझा यॉर्कर! कशाची वाट बघतोस?" मी धावलो. चेंडू सुटला. कोपर वाकलं की जगाच्या आधी ते कोपरालाच कळतं... मला कळलं. मुश्ताकची बॅट खाली यायच्या आत मधला स्टंप मागे लोळत गेला. मी आनंदानं ओरडायच्या आधी स्क्वेअर लेगकडे पाहिलं. आण्णा हात मागे बांधून उभे होते आणि खाली स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मांडवात साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. मुश्ताक थोडा वेळ तिथंच थांबला, मॅटवर चेंडू पडला त्या जागी त्यानं बॅट टेकवून पाहिली, आणि गेला. मी स्वतःला सांगितलं, आण्णांनी दिला नाही, म्हणजे हात सरळच होता.

माणूस स्वतःला काय वाट्टेल ते पटवू शकतो, याचा हा पुरावा. पुढच्या षटकात मी बेधडक यॉर्करच टाकायला घेतले. पहिल्या चेंडूवर काही नाही. दुसऱ्या चेंडूला स्क्वेअर लेगकडून आवाज आला, "नो बॉल!" दिवेकर धावत माझ्याजवळ आला, पाठीवर हात ठेवून म्हणाला, शांत हो, साधा टाक. माझ्या कानात ते शिरलंच नाही. मला फक्त मांडव दिसत होता. मी आणखी जोरानं धावलो आणि आणखी जोरानं झटका मारला. "नो बॉल!" दोन झाले. संपलं. मी चेंडू मॅटवर आपटला, आण्णांच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि जे बोलू नये ते बोललो. त्यातली शिवी इथे लिहिण्यासारखी नाही. "माझं वाटोळं करायला उभा राहिला का, म्हाताऱ्या?" एवढं लिहितो. नो बॉलच्या खुणेसाठी बाहेर काढलेला त्यांचा हात तसाच होता, खाली घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं. हे सगळं मी तेव्हा पाहिलं होतं, पण मला आठवलं फार उशिरा.

आम्ही हरलो. महिन्याभरानं माझा गेटपास जमा झाला. आमच्या तुकडीतले तिघे कायम झाले, त्यात मी नव्हतो. दिवेकरनं नंतर सांगितलं, की साहेब म्हणाले, फेकी करून फसवणारा माणूस आपल्याला कशाला हवाय. आईला फोनवर काय सांगायचं ते सुचेना. नारळ तर फोडून झाला होता. सगळा दोष मी आण्णांच्या माथी मारला आणि चाकणला एका छोट्या वर्कशॉपमध्ये कामाला लागलो. सामानाची बॅग घेऊन बसमधून कासारवाडीवरून गेलो, तर खिडकीतून त्या बाजूला बघितलंसुद्धा नाही.

चौदा महिने गेले. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत वॉचमन म्हणाला, कुणीतरी म्हातारा भेटायला आलाय. गेटबाहेर ट्रकांच्या धुळीत आण्णा उभे होते. पुष्कळ वाळले होते. हातात पिशवी, पिशवीतून पाइपचं टोक बाहेर आलेलं. ना कसा आहेस, ना काय करतोस. "उद्या साडेसहाला ये," म्हणाले. "हात आजून वाकडाच आसंल."

मी म्हणालो, "आण्णा, तुमच्यामुळं माझी नोकरी गेली. कळतंय का तुम्हाला?"

"व्हय," आण्णा म्हणाले.

त्यांनी हुज्जत घातली असती, नियम सांगितला असता, तूच शप्पथ मोडलीस म्हणाले असते, तर मी भांडून मोकळा झालो असतो. सगळी तयारी होती माझी. पण त्या एका 'व्हय'पुढे काय बोलणार? पाइप माझ्या हातात देऊन ते निघून गेले. त्या गुरुवारी मी गेलो नाही. पुढच्याही नाही. तिसऱ्या गुरुवारी पहाटे उठून, स्वतःलाच शिव्या घालत, मी फाउंड्रीमागे जाऊन उभा राहिलो. आण्णांनी बँडेज सोडलं आणि माझ्या कोपराला गुंडाळायला घेतलं. त्या सामन्याविषयी ते अवाक्षर बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. वर्षभरानं माझा हात सरळ झाला. यॉर्करसुद्धा सरळ हातानं पडायला लागला. आमच्या वर्कशॉपच्या संघाकडून मी लीगमध्ये चार मोसम खेळलो, एकदाही नो बॉल न मिळता. पुढे आण्णांच्यानं मॅट उचलवेना, तेव्हा खिळे मी ठोकायला लागलो, आणि नव्या माणसांच्या कोपराला पाइपही मीच बांधायला लागलो. माझ्या मनात सगळं मिटलं होतं. माझी चूक होती, त्यांनी बरोबर तेच केलं, विषय संपला... असं मी समजत होतो.

शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. छातीत पाणी झालं होतं, दवाखान्यातून घरी आणलं होतं. उशाशी ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. काकू चहा टाकायला आत गेल्या तशी आण्णांनी मला जवळ बोलावलं. एकेका वाक्याला थांबत होते.

"त्या सामन्याचं... तुला सांगायचं ऱ्हायलंय."

"आण्णा, सोडा ना आता. तुम्ही बरोबरच केलं."

"न्हाई केलं." ते चिडले. त्या अवस्थेतही चिडले. "त्यो पोरगा औट न्हवता. मुश्ताक. त्याला टाकलेला तुझा चेंडू मी बघितला व्हता. हात निम्मा वाकला व्हता. मी न्हाई दिला. मनात म्हनलं, ह्याची नोकरी व्हईल. येक चेंडू जाऊ दे." मग बराच वेळ त्यांना श्वास पुरेना. मी मशीनकडे बघत राहिलो. "तुला दिलेल्या नो बॉलचं मला कदी वाईट वाटलं न्हाई. न दिलेल्याचं वाटतं. तवाच दिला आसता तर तूबी शुद्धीवर आला आसतास, आनि त्यो बी खेळला आसता."

मी तो चेंडू विसरून गेलो होतो. खरं सांगायचं तर विसरलो नव्हतो, पुरला होता. मुश्ताक नावाच्या त्या माणसाचं पुढे काय झालं, हा विचार इतक्या वर्षांत माझ्या मनात एकदाही आला नव्हता. माझ्या दुःखात दुसऱ्याला जागाच नव्हती. आण्णांनी माझं मनगट धरलं. "चाकणला कांदा मार्केटाच्या म्होरं त्याचं ग्यारेज हाय. तू सांग त्याला."

"तुम्ही भेटलात का त्याला?" मी विचारलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. काकू चहा घेऊन आल्या आणि बोलणं तिथंच थांबलं. आठ दिवसांनी तो मेसेज आला.

दहावा झाला, तरी मी चाकणच्या त्या रस्त्याला गेलो नाही. रोज ठरवायचो आणि रोज काहीतरी निघायचं. कधी ओव्हरटाइम, कधी डोकं दुखायचं. काय सांगायचं जाऊन? भाऊ, तू औट नव्हतास, आम्ही दोघांनी मिळून तुला फसवलं? आणि तो म्हणाला, मग माझी ती वर्षं परत दे, तर? शेवटी एका गुरुवारी मॅट गुंडाळून ठेवली आणि सरळ तिकडेच निघालो. कांद्याचे ट्रक रस्त्यावर आडवे लागले होते. त्यांच्यातून वाट काढत गेलो, तर दुचाकी दुरुस्तीचं एक गॅरेज दिसलं. एक जाडसर, दाढीवाला माणूस गाडीखाली हात घालून बसला होता. मी विचारलं, "मुश्ताकभाई?" त्यानं मान वर केली. मी बसलोसुद्धा नाही. उभ्यानंच सगळं सांगून टाकलं.

त्यानं हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "औट नव्हतो?"

"नव्हता."

"हात वाकला होता?"

"वाकला होता. मला तेव्हाच कळलं होतं."

"अरे यार..." तो म्हणाला, आणि गाडीला पाठ टेकून बसला. मी शिवी ऐकायच्या तयारीत होतो. पण तो स्वतःशीच बोलावं तसा बोलायला लागला. "मला तो बॉल दिसलाच नव्हता, भावा. हातातून कधी सुटला तेच कळलं नाही. मला वाटलं, आपली नजरच नाही सीझन बॉलची. कप्तान पुढच्या गुरुवारी बोलवायला आला होता. मीच नाही म्हणालो. अब्बा म्हणाले, चल मग, गॅरेजला बस. बसलो." त्यानं हात पुसले. "इतकी वर्षं मी बायकोला सांगतोय, की मला जमलं नाही."

मी माफी मागितली. त्यानं ती घेतली की नाही, मला अजून माहीत नाही. त्यानं विचारलं, "मग तो पंच स्वतः का नाही आला?" मी म्हणालो, ते गेले, महिना होत आला. कासारवाडीचे दगडूआण्णा. उंच, वाळलेले, पांढरी टोपी, उजव्या भुवईत खाच. हे ऐकलं आणि मुश्ताकच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"जुनी निळी स्कूटर?"

"हो."

"तो पंच होता?" तो म्हणाला. "अरे, तो म्हातारा माझ्याकडे यायचा. दोन-तीन महिन्यांनी एकदा यायचाच. चार-पाच वर्षं झाली असतील. म्हणायचा, क्लच जड झालाय, केबल बदलून दे. मी बघायचो तर केबल नवीच असायची, मीच टाकलेली. मी म्हणायचो, आण्णा, कासारवाडीत मेकॅनिक मेले का सगळे? हसायचा. त्या बाकड्यावर बसायचा तासभर. माझ्याकडे बघत राहायचा. काम झालं की म्हणायचा, बरं हाय मग, आणि जायचा." मुश्ताकनं फडकं खाली ठेवलं. "शेवटच्या वेळी आला, तेव्हा त्याच्यात किक मारायची ताकद नव्हती. मी मारून दिली."

भर मैदानात, दोनशे माणसांसमोर, स्वतःच्या माणसावर हात बाहेर काढणारे आण्णा. त्यांना एका बाकड्यावर बसून एक वाक्य बोलता आलं नाही. वीस-बावीस किलोमीटर जायचे, केबल बदलून घ्यायचे आणि वीस-बावीस किलोमीटर परत यायचे. मला त्यांचा राग आला, आणि तितकीच माया आली, आणि दोन्ही एकदम आल्यावर माणसानं काय करायचं असतं ते मला माहीत नाही. मी मुश्ताकला म्हणालो, गुरुवारी साडेसहाला या. त्यानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. अजून आलेला नाही.

तिथून मी तसाच कासारवाडीला गेलो. काकू ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. जिन्याखाली स्कूटर उभी होती, वर जुनी चादर टाकलेली. मी चादर बाजूला केली आणि क्लच दाबला. एका बोटानं दबला. काकू म्हणाल्या, "तूच घेऊन जा बाबा ती. लई छळलं तिनं यांना. सारखा क्लच बिघडायचा. बरं नसलं तरी चाकणला न्ह्यायचे, दुसऱ्या कुनाला हात लावू द्यायचे न्हाईत."

हो, जुनी गाडी, चालायचंच... हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मग मी चादर खाली टाकली, काकूंच्या शेजारी ओट्यावर बसलो आणि त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं.